न बसणारे प्लगइन : कारण कसे शोधावे?

आपले हैदराबाद हे अनेक लिपींचे शहर आहे. एकाच रस्त्यावरील पाट्यांवर तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि हिंदी अक्षरे शेजारी शेजारी नांदतात; आणि मराठी घरातील लग्नपत्रिकेत किंवा गणेशोत्सवाच्या निमंत्रणात त्यांत मराठीची भर पडते. जुन्या शहरातील छत्ता बाजार हा पत्रिका छापून देणाऱ्या दुकानांसाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. एके काळी कातिबाचा बोरू आणि शिळाछाप यांच्या आधारे जे काम होत असे, ते आता संगणकाच्या पडद्यावर होते. शाळेच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाचे भित्तिपत्रक, एखाद्या मंडळाचे बोधचिन्ह, ही सारी कामे आज विद्यार्थीही घरबसल्या करू लागले आहेत, आणि पुढे त्यांतील काहींचा हाच चरितार्थ होणार आहे. यास्तव या कामात वारंवार येणारी एक अडचण, तिची कारणे आणि ती दूर करण्याची रीत यांचा येथे विचार करावयाचा आहे.

ही अडचण म्हणजे प्लगइन न बसणे. प्रथमतः प्लगइन म्हणजे काय, हे पाहू. आपल्या घरातील शिवणयंत्र साधी शिवण उत्तम घालते. परंतु काजे करावयाची असतील, तर त्याला एक वेगळा जोड लावावा लागतो. हा जोड एकटा काहीच करू शकत नाही. तो यंत्राला लावला, की यंत्राच्या अंगी एक नवे कसब येते. प्लगइन हा संगणकावरील असाच जोड होय. मूळ प्रोग्रामला ठाऊक नसलेले एखादे काम, जसे छायाचित्रातील दाणेदारपणा काढणे किंवा अक्षरांना विशिष्ट उठाव देणे, तो प्लगइनच्या साह्याने करू लागतो.

या जोडांचा इतिहास मॅक संगणकाशी निकटचा आहे. ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश संगणक जगापुढे आणला. १९८५ साली पृष्ठरचना करणारा पेजमेकर हा प्रोग्राम त्यावर आला आणि मुद्रणाच्या धंद्याचे रूप पालटू लागले. १९९० च्या फेब्रुवारीत थॉमस नोल व जॉन नोल या बंधूंनी रचलेला फोटोशॉप प्रसिद्ध झाला. त्याची पहिली आवृत्ती केवळ मॅकवर चालत असे, आणि बाहेरचे जोड स्वीकारण्याची सोय तिच्यात आरंभापासूनच होती. मूळ प्रोग्राम एकाने करावा आणि त्यातील उणिवा इतर अनेकांनी जोड करून भराव्यात, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. तिचा लाभ मोठा आहे; परंतु तिच्या पोटातच आपली अडचणही आहे. प्रोग्राम एकाचा, जोड दुसऱ्याचा आणि यंत्र तिसऱ्याचे. या तिघांपैकी एकानेही आपली रीत बदलली, की काल चालणारा जोड आज अडतो. यंत्राची गाडी बिघडली, असा त्याचा अर्थ नव्हे. तिघांचा मेळ चुकला, एवढाच तो अर्थ आहे.

मेळ कोठे चुकला हे शोधण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : हा जोड आपणास खरोखर हवा आहे काय? देवनागरीचेच उदाहरण घ्या. पुष्कळांचा अनुभव असा, की मराठी मजकूर चित्ररचनेच्या प्रोग्राममध्ये आणला, की जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाऊन बसतो आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द ओळखूही येत नाही. मग मराठीसाठी प्लगइन कोठे मिळेल, याचा शोध सुरू होतो. पूर्वी तो शोध योग्यही होता. परंतु २०१२ साली आलेल्या इनडिझाइनच्या सहाव्या सीएस आवृत्तीपासून मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय त्या प्रोग्राममध्येच झालेली आहे. परिच्छेदाच्या पटलावरील मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ या नावाची अक्षरजुळणी निवडावी, म्हणजे युनिकोड अक्षरे नीट जुळतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही ‘टाइप’ या सदराखालील पसंतीत याच नावाची निवड होती, आणि इलस्ट्रेटरमध्ये त्याच ठिकाणी भारतीय लिपींचे पर्याय दाखविण्याची खूण करता येते. तात्पर्य, जी खिडकी घरातच आहे ती उघडून पाहावी. तिच्यासाठी भिंत फोडण्याचे कारण नाही.

आता जोड खरोखरच हवा आहे आणि तो बसत नाही, असे समजू. अशा वेळी ‘प्लगइन चालत नाही’ एवढेच म्हणून भागत नाही. वैद्याकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ असे सांगितल्याने औषध मिळत नाही. दुखते कोठे, हे सांगावे लागते. प्लगइनच्या अपयशाचे तीन प्रकार आहेत. पहिला, त्याची फाइल उघडतच नाही. दुसरा, ती उघडते, बसविल्याचा निरोपही येतो. परंतु प्रोग्राममध्ये जोड कोठेच दिसत नाही. तिसरा, जोड दिसतो, पण काम करीत नाही किंवा त्याच्यामुळे प्रोग्रामच बंद पडतो. या तीन प्रकारांची कारणे भिन्न आहेत. म्हणून आपला प्रकार कोणता, हे ठरविल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

पहिल्या प्रकाराचे मूळ बहुधा मॅकच्या पहाऱ्यात असते. जुन्या हैदराबादेतील उमरावांच्या देवड्यांना मोठा दरवाजा आणि त्यावर पहारा असे. आलेला मनुष्य कोण, कोणाकडून आला, हे विचारल्याशिवाय त्याला आत सोडीत नसत. मॅकवरही २०१२ पासून ‘गेटकीपर’ नावाचा असा पहारेकरी आहे. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलीवर मॅक एक अदृश्य खूण करून ठेवतो. ती फाइल प्रथम उघडताना पहारेकरी पाहतो, की तिच्यावर नोंदणीकृत निर्मात्याची सही आहे काय, आणि सहीनंतर कोणी तिच्यात फेरफार केला आहे काय. २०१९ साली आलेल्या कॅटालिना या प्रणालीपासून आणखी एक अट आली : निर्मात्याने आपली वस्तू आधी ॲपलकडे पाठवून तपासून घेतलेली असावी. लहान निर्माते किंवा जुने प्लगइन या अटीत अडकतात, आणि निरपराध जोडही दाराबाहेर राहतो.

येथे पडद्यावरील निरोपाचे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. कारण सर्व नकार सारखे नसतात. वस्तू निर्धोक असल्याची खात्री करता आली नाही, असा निरोप असेल, तर त्याचा अर्थ ‘हा मनुष्य ओळखीचा नाही’ एवढाच होतो. फाइल खराब झाली आहे, असा निरोप असेल, तर ती उतरविताना अपुरी राहिली असेल किंवा तिची सही मोडली असेल. अशा वेळी ती टाकून देऊन निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवावी. परंतु ही वस्तू संगणकाला अपाय करील, असे स्पष्ट सांगितले असेल, तर मात्र तेथेच थांबावे आणि फाइल कचरापेटीत टाकावी.

केवळ अनोळखीपणाचा नकार असेल आणि निर्माता विश्वासाचा असल्याची आपली खात्री असेल, तर मॅकने त्यासाठी रीतसर मार्ग ठेवला आहे. पूर्वी फाइलीवर कंट्रोल कळ दाबून टिचकी मारली, की ती उघडण्याची परवानगी देता येत असे. २०२४ च्या सिकोया प्रणालीपासून तो मार्ग बंद झाला. आता एकदा फाइल उघडण्याचा प्रयत्न करावा, नकार येऊ द्यावा, आणि मग ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सदरात खाली जावे. तेथे ‘ओपन एनीवे’ असे बटण दिसते. ते सुमारे एक तासच राहते. म्हणून ते न दिसल्यास गोंधळून न जाता फाइल पुन्हा एकदा उघडून पाहावी. ही परवानगी त्या एका फाइलीपुरती असते. सबंध पहाराच उठविण्याचा उपाय कोणी सांगितला, तर तो ऐकू नये. एका पाहुण्याला आत घेण्यासाठी देवडीचा दरवाजा काढून ठेवणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही.

दुसरा प्रकार, म्हणजे जोड बसला पण दिसत नाही. याचे कारण बहुधा जागेची चूक हे असते. शिवणयंत्राचा जोड दांडीवर न बसविता खणात ठेवला, तर यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. तद्वत् प्रत्येक प्रोग्राम आपले जोड ठराविक फोल्डरांतच शोधतो. मॅकवर ‘लायब्ररी’ या एकाच नावाची दोन स्थाने आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक सबंध संगणकाची, सर्वांना समाईक. दुसरी प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची, त्याच्या खासगी फोल्डरात असलेली. ही दुसरी लायब्ररी २०११ च्या लायन प्रणालीपासून नजरेआड ठेवलेली आहे. फाइंडरमधील ‘गो’ हा मेनू उघडून ऑप्शन कळ दाबली, की ती प्रकट होते. स्केच या प्रोग्रामचे प्लगइन याच खासगी लायब्ररीत राहतात. सूचनेत एक लायब्ररी अभिप्रेत असावी आणि आपण फाइल दुसरीत ठेवावी, असे सहज घडते.

या भेदाचा आणखी एक परिणाम आहे. समाईक लायब्ररीत किंवा ‘ॲप्लिकेशन्स’ मध्ये काही ठेवावयाचे, तर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकावर तो विद्यार्थ्याजवळ नसतो आणि नसावाही. तेथे प्लगइन बसले नाही, तर ते शिक्षकांच्या हस्तेच बसवून घ्यावे.

जागेची दुसरी चूक आवृत्तीमुळे होते. फोटोशॉपच्या दर वर्षीच्या आवृत्तीचा फोल्डर वेगळा असतो आणि त्यात जोडांसाठी स्वतंत्र फोल्डर असतो. २०२४ च्या आवृत्तीत ठेवलेला जोड २०२५ च्या आवृत्तीला दिसत नाही. नवी आवृत्ती घेतल्यावर ‘माझे सर्व प्लगइन नाहीसे झाले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण अनेकदा एवढेच असते. ते जुन्या घरीच राहिलेले असतात. मात्र त्यांच्या फाइली नुसत्या उचलून नव्या घरी नेण्यापेक्षा निर्मात्याचा नवा संच घेऊन बसविणे अधिक चांगले.

तिसरी गोष्ट शोधण्याच्या ठिकाणाची. जोड योग्य जागी असूनही आपण चुकीच्या मेनूत त्याची वाट पाहत असतो. जुन्या धर्तीचे जोड फोटोशॉपच्या ‘फिल्टर’ मेनूत तळाशी दिसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीपासून नव्या धर्तीचे जोड ‘प्लगइन्स’ या स्वतंत्र मेनूत येतात, आणि ते हाताने कोठे ठेवावयाचे नसतात. त्यांच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली, की ॲडोबीचा क्रिएटिव्ह क्लाउड हा प्रोग्राम त्यांना योग्य जागी नेतो. आणि हे सर्व झाल्यावर मूळ प्रोग्राम पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. बहुतेक प्रोग्राम आपले जोड सुरू होतानाच मोजून घेतात; नंतर आलेल्याची ते दखल घेत नाहीत.

आता तिसरा प्रकार, दिसूनही न चालणाऱ्या जोडाचा. येथे प्रश्न मापाचा असतो. शिवणयंत्राचे जोडही एका बनावटीचे दुसऱ्या बनावटीला बसत नाहीत. मॅकच्या अंतर्यामी असलेली चिप आतापर्यंत तीन वेळा आमूलाग्र बदलली : १९९४ साली, २००६ साली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात, जेव्हा ॲपलने एम१ ही स्वतःची चिप आणली. प्रत्येक वेळी यंत्राची भाषा बदलली, आणि जुन्या भाषेत लिहिलेले जोड मुके झाले. त्याखेरीज २०१९ च्या कॅटालिना प्रणालीने ३२ बिटांचे सर्व प्रोग्राम चालविणे थांबविले. त्यामुळे अनेक वर्षे इमानाने राबलेले जोड एका रात्रीत निरुपयोगी ठरले.

आपल्या संगणकाची चिप कोणती, हे ॲपलच्या चिन्हाखालील मेनूत ‘अबाउट धिस मॅक’ या ओळीवर कळते. ती ॲपलची असेल आणि जोड इंटेलसाठी लिहिलेला असेल, तर मॅकमध्ये ‘रोझेटा’ नावाचा दुभाषी आहे. परंतु येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दुभाषी एका घरात एकाच वेळी दोन भाषा चालू देत नाही; जोड आणि मूळ प्रोग्राम हे दोघेही एकाच भाषेत चालले पाहिजेत. म्हणून फोटोशॉप नव्या भाषेत चालू असताना जुना जोड त्यास बसत नाही. तो हवाच असेल, तर प्रोग्राम बंद करून त्याच्या माहितीपत्रकात, म्हणजे ‘गेट इन्फो’ मध्ये, ‘ओपन यूजिंग रोझेटा’ अशी खूण करावी आणि मग तो सुरू करावा. काम काहीसे मंद होईल, पण होईल. मात्र ही सोय कायमची नव्हे. रोझेटाची सर्वसाधारण सोय मॅकओएसच्या २७ व्या आवृत्तीपर्यंतच राहील, असे ॲपलने २०२५ साली जाहीर केले आहे. तेव्हा निर्मात्याकडे जोडाची नवी आवृत्ती आहे काय, हे पाहणे हाच टिकाऊ उपाय होय.

कित्येकदा दोष नव्या जोडाचा नसतो. आधी बसविलेल्या एखाद्याशी त्याचे पटत नाही. फोटोशॉप सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली, तर बाहेरचे जोड वगळून सुरू करावे काय, असे तो विचारतो. तसे केल्यावर तो सुरळीत चालला, तर दोष जोडांपैकी कोणात तरी आहे हे सिद्ध झाले. पण कोणात? समजा, सोळा जोड आहेत. एकेक काढून पाहिला, तर पंधरा वेळा खटपट करावी लागेल. त्याऐवजी निम्मे, म्हणजे आठ, दुसऱ्या फोल्डरात हलवावेत. बिघाड राहिला तर दोषी उरलेल्या आठांत, गेला तर हलविलेल्या आठांत. मग त्या आठांचे चार, चारांचे दोन आणि दोनांचा एक. दोषी एकच असेल, तर सोळांतून त्याला चार पायऱ्यांत हुडकता येते; बत्तीस जोड असते, तरी फक्त एक पायरी वाढली असती. दोनाचे घात शाळेत का शिकवितात, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रयोग अवश्य करावा.

या शोधात एक शिस्त मात्र कटाक्षाने पाळावी : एका वेळी एकच बदल करावा. तीन उपाय एकदम केले आणि काम झाले, तर कोणत्या उपायाने झाले हे कळत नाही. आणि काम बिघडले, तर कोणत्या उपायाने बिघडले हेही कळत नाही.

येथवर तंत्राची बाजू झाली. आता जिच्यात खरा धोका आहे, ती बाजू पाहू. चांगल्या प्लगइनांस पैसे पडतात, आणि विद्यार्थ्याजवळ ते नसतात. मग कोणीतरी ‘कुलूप तोडलेली’ प्रत आणून देतो. अशी प्रत बसत नाही, तेव्हा तिच्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले असते : पहारा बंद करा, व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द द्या. आपण मघाशी पाहिलेल्या सर्व नकारांतून वाट काढण्याचे ज्ञान येथे घातक ठरते. हे केवळ भय घालण्यासाठी लिहिलेले नाही. २००९ च्या जानेवारीत मॅकसाठीच्या फोटोशॉप सीएस४ च्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरत होत्या. त्यांतील फोटोशॉप ठीक होता; परंतु त्याचे कुलूप उघडण्यासाठी दिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये हेरगिरीचा प्रोग्राम दडविलेला होता. तो परवलीचा शब्द मागे, आणि दिला की संगणकाचा मागील दरवाजा परक्यासाठी उघडा करून ठेवी. ज्यांनी तो शब्द दिला, त्यांनी आपल्या हातानेच किल्ली दिली.

ज्या संगणकावर घरातील मुलगा चित्रे काढतो, त्यावरच बहुधा वडिलांचे बँकेचे व्यवहार, आईची पत्रे, आजोबांची छायाचित्रे आणि भावंडांची प्रमाणपत्रे असतात. एका जोडासाठी हे सर्व पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय गरज प्रामाणिक मार्गानेही भागते. गिंप, इंकस्केप आणि क्रिता हे प्रोग्राम मॅकवर विनामूल्य व कायदेशीरपणे मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देखणे देवनागरी टंक कोणासही मोफत वापरता येतात. साधने साधी असली, तरी त्यांवर हात बसला म्हणजे उत्तम काम होते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. संगणकाशेजारी एक वही ठेवावी. तिच्यात मॅकची चिप, प्रणालीची आवृत्ती, मूळ प्रोग्रामची आवृत्ती आणि प्लगइनची आवृत्ती या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. अडचण आली, की पडद्यावरील निरोप जसाच्या तसा, अक्षरशः, उतरवून घ्यावा. त्यानंतर केलेला प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम एकेका ओळीत लिहावा. पुष्कळदा हे लिहीत असतानाच कारण हाती लागते. नाही लागले, तर ते पान शिक्षकांना, जाणत्या मित्राला किंवा प्लगइनच्या निर्मात्याला दाखवावे. अशा पानावरून पाच मिनिटांत जे निदान होते, ते ‘काही केल्या चालत नाही’ या तक्रारीवरून पाच दिवसांतही होत नाही.